लाल टॅगची बाटली

उद्धवरावांनी आयुष्यात पुष्कळ माणसं कामावर ठेवली, पण निवडायची रीत एकच. समोरच्याला चहा द्यायचा आणि तो बशीत ओततो की कपातून पितो ते बघायचं. बशीवाला प्रेसवर, कपवाला ऑफिसात. एवढ्याशा तत्त्वज्ञानावर भोसरीतला 'कौशल्या प्रेसिंग्ज' हा गाड्यांच्या पत्र्याच्या भागांचा कारखाना पस्तीस वर्षं चालला आणि बरा चालला. मग गेल्या महिन्यात वाकडच्या एका हॉटेलात 'उद्योजकांसाठी मनुष्यपारख' असं दोन दिवसांचं शिबिर झालं. तिथं टाय लावलेल्या एका गृहस्थानं सांगितलं की माणूस चहाच्या कपापुढं खोटं वागतो, पण वाइनपुढं त्याचं ढोंग टिकत नाही. कोण कुठली वाइन उचलतो यावरून त्याचं अंतरंग उघडं पडतं. त्यानं तक्ताही दिला, लॅमिनेशन केलेला. लॅमिनेशन केलेल्या कागदावर उद्धवरावांचा फार विश्वास.

"म्हणजे आता चाकणचा कारखाना दारू पिऊन वाटायचा?" कौशल्याबाईंनी विचारलं होतं.

"दारू न्हाई, वाइन हाय. आन् वाटायचा न्हाई, पारख करायची. तुला कळायचं न्हाई ते."

कौशल्याबाईंना बऱ्याच गोष्टी कळायच्या नाहीत असं या घरात ठरलेलं होतं. कारखान्याला नाव त्यांचं होतं, पहिली तीन वर्षं ड्रिल मशीनवर उभ्या त्या राहिल्या होत्या, पण कळायचं मात्र नाही.

प्रश्न साधा होता आणि म्हणूनच घरात चार महिने कुणी तो ओठावर आणत नव्हतं. चाकणचा नवा प्लांट उभा राहिला होता. प्रेस बसल्या होत्या, रंग वाळला होता. प्लांट हेड म्हणून कुणाचं नाव कळवायचं, ते मोठ्या कस्टमरला शुक्रवारी हवं होतं. नावं दोन. एक विजयश्री, उद्धवरावांची एकुलती एक मुलगी, जी अकरा वर्षं भोसरीची क्वालिटी आणि नंतर अख्खी भोसरीच सांभाळत होती. दुसरा बंटी, धाकट्या भावाचा, लक्ष्मणरावांचा मुलगा. त्याच्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं की पोरगा स्वभावानं चांगला आहे. याहून जास्त कुणी काही बोलत नसे.

अशात गुरुवार उजाडला. एमआयडीसीची सुट्टी. जेवणं उरकून सगळे संत तुकाराम नगरच्या घरात दुपारी जमायचे होते.

कौशल्याबाईंनी चार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. लेबल दिसलं तर माणूस किंमत बघून निवडतो, असं टायवाल्यानं सांगितलं होतं. गुंडाळून झाल्यावर त्या पेचात पडल्या.

"अहो, आता ह्यातली कुठली कुठली ते तुमाला कसं कळणार?"

"काहीतरी खूण कर की," उद्धवराव आतून ओरडले. ते दाढी करत होते.

कौशल्याबाईंनी ड्रॉवर उघडला. त्यात रबरबँड, जुने चष्मे आणि कारखान्यातून कधीतरी आलेला टॅगचा गठ्ठा होता. दोरा लावलेली पुठ्ठ्याची कार्डं, हिरवी, पिवळी, लाल. त्यांनी रंगाला रंग जुळवला. तांबडीला लाल टॅग. गुलाबीला गुलाबी टॅग नव्हता म्हणून पिवळा. दोन पांढऱ्यांना हिरवा. त्यातल्या एकीच्या तोंडाला तार आवळलेली होती. ही भांडखोर असणार असं समजून त्यांनी तिला जरा कडेला ठेवलं.

उद्धवराव तोंड पुसत आले, बघून खूश झाले. "वा! ह्याला म्हणायचं सिस्टिम." मग त्यांनी बाटल्यांचा क्रम आपल्या हातानं बदलला आणि एकीला उजवीकडून दुसरी करून ठेवली.

*

पंच म्हणून अन्वरभाईंना बोलावलं होतं. भोसरीच्या पहिल्या शेडपासून टूलरूममध्ये प्रेसचे साचे घडवणारे मिस्त्री, आणि खोलीत न पिणारा एकटा माणूस. तक्ता बंद पाकिटात घालून त्यांच्या खिशात दिला होता आणि हातात कोकम सरबत.

"भाऊ, जिंदगीभर डाय बनवल्या," अन्वरभाई म्हणाले. "आज शराबचा अंपायर. माझ्या घरी सांगू नका."

"पाकीट आता उघडायचं न्हाई अन्वर. सगळ्यांनी निवडल्यावर."

"अरे, मी कशाला उघडू? मला तर न पिताच सगळ्यांची पारख आहे."

लक्ष्मणराव सोफ्यावर मांडी घालून बसले होते. गुरुवारी ते दत्ताचा उपास धरत. सकाळपासून साबुदाण्याशिवाय त्यांनी तोंडात काही घातलं नव्हतं, आणि घालणार नव्हते असं सगळ्यांना वाटत होतं.

"भावजी, तुमचा उपास ना?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"वैनी, द्राक्षाचीच असती ना ही? मग द्राक्षं उपासाला चालतात."

धर्मशास्त्राचा निकाल लागला. बंटीची बायको अंजली मात्र खरी तयारीनं आली होती. दोन वर्षांपूर्वी ती भिशीच्या मैत्रिणींबरोबर नाशिकला एका द्राक्षमळ्यात एक दिवस जाऊन आली होती, आणि तेव्हापासून ताथवड्याच्या त्यांच्या सोसायटीत कुणी साधं जांभळाचं सरबत दिलं तरी ती ग्लास फिरवून हुंगत असे.

"नियम ऐका," उद्धवरावांनी उभं राहून सांगितलं. "चारीतली थोडी थोडी चाखायची. मग जी पटंल ती ग्लासभर घ्यायची. एकमेकाचं बघायचं न्हाई. पहिले लक्ष्मण."

लक्ष्मणराव उठले, टेबलाजवळ गेले, हिरवा टॅग पाहिला आणि थांबलेच. चाखणं वगैरे काही नाही. ग्लासात निम्मी ओतली, वर सोडा घातला, तीन बर्फाचे खडे टाकले.

"बाबा, वाइनमध्ये सोडा?" अंजली कळवळली.

"घशाला लागत न्हाई. गोड हाय की. आपल्या धाराशिवच्या द्राक्षाच्या रसावाणी."

मग अंजली. तिनं तार काढलेली दुसरी हिरवी बाटली उचलली, ग्लासात बोटभर ओतली, फिरवली, डोळे मिटले आणि नाक इतकं आत घातलं की कौशल्याबाईंना पुढं होऊन ग्लास धरावासा वाटला.

"ह्याला ना, लाकडाचा वास येतोय."

"लाकडाचा?" लक्ष्मणराव म्हणाले. "मग वाळवी बघून घे."

अंजलीनं त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. पिवळ्या टॅगची गुलाबी तिनं नुसती हुंगली, "ही थोडी रिवर्कची वाटते," असं म्हणाली आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाही कळलं नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती. या घराची भाषा अंगात मुरली होती: हिरवा टॅग म्हणजे माल पास, पिवळा म्हणजे दुरुस्तीला, लाल म्हणजे बाद. लाल टॅगच्या बाटलीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. हिरवीच ग्लासभर घेऊन ती बसली.

"बंटी," उद्धवराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात नको इतका गोडवा आला.

*

बंटीला सकाळी सात वाजता काकांचा फोन आला होता. "उजवीकडून दुसरी. इकडंतिकडं बघू नको. चाखल्यासारखं कर, मान हलव, आन् तीच घे." बंटीला आनंद झाला नव्हता आणि वाईटही वाटलं नव्हतं. शाळेपासून त्याला कुणी ना कुणी उत्तर सांगतच आलं होतं.

तो टेबलापाशी गेला. उजवीकडून पहिली, पिवळी. उजवीकडून दुसरी.

लाल.

दोन वर्षांपूर्वी महिनाअखेरीला डिस्पॅचचा आकडा भरत नव्हता, म्हणून त्यानं लाल पेटीतले रिजेक्ट ब्रॅकेट गाडीत भरून पाठवले होते. कस्टमरची लाइन सव्वा तास बंद पडली. विजूताई, म्हणजे विजयश्री, त्याला ओरडली नाही. तिनं ते सगळे परत आलेले ब्रॅकेट जमिनीवर ओतले आणि त्याला एकेक तपासायला बसवलं. तीन दिवस. प्रत्येकाला टॅग, प्रत्येक टॅगवर दोष, प्रत्येक दोषाखाली सही. तेव्हापासून रस्त्यावरचा सिग्नल सोडला तर लाल रंगाच्या कुठल्याही वस्तूला हात लावताना बंटी आधी इकडंतिकडं बघे.

"घे की," उद्धवराव म्हणाले.

बंटीनं हात पुढं केला. हात बाटलीपर्यंत गेला आणि तिथंच घुटमळला. काका बघत होते. विजूताईही बघत होती. हाताला काकांचं ऐकायचं होतं, असं बंटी पुढं कितीतरी दिवस सांगत राहिला. पण हात डावीकडं वळला आणि त्यानं लक्ष्मणरावांचीच गोड हिरवी उचलली.

"हीच," तो म्हणाला.

"नीट बघ!" उद्धवराव जवळजवळ ओरडले.

"पंच म्हणून सांगतो," अन्वरभाई सरबत ढवळत म्हणाले, "खेळाडूला बाहेरून बोलायचं नाही."

*

विजयश्री शेवटी उठली. ती दिघीहून स्कूटरवर आली होती आणि येताना मनाशी ठरवून आली होती की हा खेळ हसत खेळायचा. नवऱ्यानं घरी विचारलं होतं, "नाही गेलीस तर?" ती म्हणाली होती, "न जाऊन कसं चालेल? मला तो प्लांट हवाय." एवढं सरळ तिनं हे दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. मशीन कुठं बसवायचं ते तिनं खडूनं फरशीवर आखलं होतं. चाकणच्या त्या शेडचा वास तिला रात्री झोपेतही यायचा. आणि आज त्याचा निकाल चार गुंडाळलेल्या बाटल्यांवर लागणार होता, याची तिला लाज वाटत होती.

तिनं टेबलाकडे पाहिलं. दोन हिरव्या उघडून प्यायलेल्या. पिवळी चाखूनही न बघितलेली. लाल, बूचसुद्धा न काढलेली.

तिला हसू फुटलं. "बाबा, हे टॅग कुणी लावले?"

"तुझ्या आईनं. खुणंसाठी."

"म्हणजे लालला दोष नाही काही?" तिनं बाटली उचलली, टॅग उलटा केला. चार रकाने, चारही कोरे. "पार्टचं नाव नाही, संख्या नाही, दोष नाही, सही नाही. कोऱ्या टॅगनं कधी काही रिजेक्ट झालंय का? आणि तुम्ही सगळे ओळीनं तिला टाळून गेलात."

लक्ष्मणराव आपल्या ग्लासाकडे बघायला लागले. अंजलीनं ग्लास फिरवणं थांबवलं.

विजयश्रीनं टॅग सोडवून खिशात टाकला, बाटली उघडली, थोडी ओतून चाखली. तुरट होती. पहिल्या घोटाला तोंड आवळलं, दुसऱ्याला बरी वाटली.

"मला ही चालेल," ती म्हणाली आणि ग्लास भरला.

"अन्वर, पाकीट राहू दे," उद्धवराव म्हणाले.

पण अन्वरभाईंनी ते फोडलं होतं. चष्मा चढवून ते वाचू लागले. "गोड पांढरी: हा मनुष्य सुखवस्तू आहे. याला कुणीतरी हात धरून चालवावं लागतं." लक्ष्मणरावांनी बर्फ चघळला. "बुडबुड्याची: सुरुवात थाटात, शेवट दिसत नाही."

"हे सगळं थोतांड असतं," अंजली म्हणाली. पाच मिनिटांपूर्वी तिला ते शास्त्र वाटत होतं.

"गुलाबी: सगळ्यांना खूश ठेवणारा. ती कुणी घेतली नाही, म्हणजे या घरात असा कुणी नाही, बरोबर आहे. आणि ही तांबडी." अन्वरभाई थांबले. त्यांनी एकदा उद्धवरावांकडे बघितलं आणि सावकाश वाचलं. "तुरट तांबडी: निर्णय घेणारा. दुसऱ्यानं नाकारलेलं तपासून बघणारा. अशा माणसाच्या हाती कारभार निर्धास्त सोपवावा."

उद्धवरावांनी तक्ता त्यांच्या हातातून काढून घेतला.

"ही ट्रायल होती," उद्धवराव म्हणाले. "टॅगमुळं घोळ झाला. टॅग काढून परत घेऊ. बंटी, ये."

"काका, नको," बंटी म्हणाला.

"ये म्हणतो ना!"

"काका, तुम्ही उजवीकडून दुसरी सांगितली होती, ते लक्षात होतं माझ्या. पण तिला लाल टॅग होता ना राव! लालला मी कसा हात लावू?"

*

लक्ष्मणराव मोठ्या भावापुढं कधी बोलत नसत. आज ते आपल्या मुलावर चिडले होते की भावावर, ते त्यांनाही कळत नव्हतं. मुलगा सांगून सवरूनही चुकला होता. भावानं मुलाला सांगितलं होतं, पण बापाला सांगितलं नव्हतं.

"दादा, मग मला उपास मोडाय कशाला लावलास?"

"तू मधी बोलू नको लक्ष्मण."

"म्हणजे परीक्षा नव्हतीच," विजयश्री म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "तुमचं ठरलंच होतं. नुसतं सांगायचं धाडस नव्हतं. म्हणून तक्ता, म्हणून बाटल्या, म्हणून बिचाऱ्या अन्वरकाकांना सरबत."

उद्धवराव खाली बसले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि अशा वेळी ते खरं बोलत. तीच त्यांची वाईट खोड होती.

"तू हुशार हायस, हे मला कळत न्हाई असं वाटायलंय व्हय तुला? कळतंय. म्हणूनच. तुला उद्या कुठलीबी कंपनी दारात येऊन घेऊन जाईल. ह्याला कोण घेणार? मी डोळे मिटल्यावर हा काय करील? तू कुठंबी उभी राहशील. तुझ्या हाती चाकण दिलं तर ह्याला उभं राहाय जागा न्हाई राहत."

अंजलीचा चेहरा लाल झाला. आजवर ती या चुलतसासऱ्यांच्या बाजूनं होती. चाकण बंटीला मिळावं म्हणून तिनं चार गुरुवार केले होते. "काका, माझ्या नवऱ्याला तुम्ही माझ्यासमोर नालायक म्हणताय."

"मी तसं म्हटलं न्हाई."

"तसंच म्हणालात," बंटी म्हणाला. "मी नापास आहे म्हणून मी पास. असंच ना?"

विजयश्रीला रडू येत होतं आणि ते तिनं येऊ दिलं नाही. बापानं तिला कमी लेखलं असतं तर भांडता आलं असतं. अकरा वर्षं ती त्याच तयारीत होती. पण त्यानं तिला बरोबर मोजलं होतं, एका दशांशाचीही चूक न करता, आणि मोजून झाल्यावर बाजूला ठेवलं होतं. याच्यावर काय बोलायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

तिनं खिशातला टॅग काढला. टेबलावरचं पेन घेतलं. पार्टचं नाव: विजयश्री. संख्या: एक. मग तो टॅग बापापुढं ठेवला.

"हे काय?"

"तुम्ही मला रिजेक्ट करताय ना? तुमचा हक्क आहे. पण टॅगशिवाय नाही, तुमचाच नियम आहे. दोष लिहा, खाली सही करा. मी घेऊन जाते."

"इजू, नाटकं करू नको."

"करा की सही," कौशल्याबाई म्हणाल्या. त्या इतका वेळ दारात उभ्या होत्या. "मी कारखान्याच्या कागदांवर पस्तीस वरसं केली. तुमी बोट ठेवाल तिथं. कधी वाचली न्हाई. आज तुमी एक करा, वाचून." त्या पुढं आल्या आणि त्यांनी पाण्याच्या पेल्यात त्या तांबडीतली थोडी ओतून घेतली. त्यांना कुणी निवडायला सांगितलं नव्हतं. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "बरी हाय. जरा जीभ धरती."

उद्धवरावांनी खिशाचं पेन काढलं. दोष लिहिणं ही त्यांची हातखंडा गोष्ट. भोक सरकलं, काठ फाटला, तडा गेला. एका नजरेत सांगत. त्यांनी पेन कागदावर टेकवलं आणि उचललं. मग टॅग लक्ष्मणरावांकडे सरकवला. "तूच लिही."

"मी चष्मा आणला न्हाई," लक्ष्मणराव म्हणाले आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात घातला.

अन्वरभाईंनी टॅग परत उद्धवरावांपुढं ठेवला.

"उद्या पहिल्या शिफ्टला मी चाकणला आहे," विजयश्री म्हणाली. "त्याआधी दोष सापडला तर लिहून द्या. नाही सापडला तर..."

"नाही सापडला तर पार्ट पुढं जातो," बंटी म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

उद्धवरावांनी पुन्हा पेन टेकवलं. दोष त्यांना माहीत होता, चार महिने माहीत होता. फक्त तीन अक्षरांचा होता. पण ती समोर उभी राहून बघत होती, आणि 'मुलगी' हा शब्द त्या रकान्यात त्यांच्या हातून उमटेना.